रक्तवाहिनीचा शेजार

मधुमेहाने रेटिनात नव्या वाहिन्या फुटलेला रुग्ण समोर बसला की आपला हात आता सवयीने इंजेक्शनकडे जातो. लेझर जुने झाले, असे तरुण सहकारी उघड बोलतात. आम्हाला ते पटत नाही.

रक्तवाहिनी आपल्या मर्जीने फुटत नाही, तिला शेजारच्या पेशी फुटायला लावतात. ऑक्सिजन कमी पडला की म्युलर पेशी व्हीईजीएफ सोडतात आणि एंडोथेलियल पेशी त्या दिशेने सरकतात. आवर घालणाऱ्या पेरिसाइटही शेजारच्याच. रेटिनात त्या जवळपास एका एंडोथेलियल पेशीमागे एक इतक्या दाट असतात. मधुमेहात त्याच निवडून मरतात, हे कोगन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच दाखवले. राखण उठली की केशवाहिन्या गळतात, पुढे बंद पडतात. उपाशी राहिलेली रेटिना आणखी व्हीईजीएफ सोडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांतही पेरिसाइटचे आवरण न चढलेल्या कोवळ्या वाहिन्याच जादा ऑक्सिजनने आधी मिटतात.

इंजेक्शन सुटलेला व्हीईजीएफ अडवते, तेही काही आठवडे. लेझर ऑक्सिजन खाणाऱ्या प्रकाशग्राही पेशी जाळून कमी करते, म्हणजे व्हीईजीएफ सुटण्याचे कारणच घटवते, आणि तो परिणाम टिकतो. किंमत आहेच: बाजूची नजर घटते, रात्रीचे दिसणे मंदावते, मॅक्युलाची सूज वाढू शकते. (सूज असेल तिथे इंजेक्शनला पर्याय नाही, याबद्दल वाद नको.) अमेरिकेतल्या ‘प्रोटोकॉल एस’ने २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅब लेझरपेक्षा कमी पडत नाही असा निष्कर्ष दिला, पण तो वेळेवर तपासणीला बोलावल्या जाणाऱ्या रुग्णांवरचा. २०१९ मध्ये अमेरिकेतूनच आलेल्या अभ्यासात सहा महिन्यांहून जास्त काळ न फिरकलेले रुग्ण पाहिले. केवळ इंजेक्शनवर असलेल्यांची नजर लेझरवाल्यांपेक्षा खालावली होती आणि पडदा ओढून सुटण्याचे प्रमाणही अधिक होते.

आपल्या तालुक्यांतला रुग्ण सोयाबीनच्या काढणीत येत नाही, मुलाला सुट्टी मिळाली नाही तर येत नाही, औषधाचे पैसे नसले तर मुळीच येत नाही. म्हणून पहिली सुई टोचण्याआधी त्याला विचारा, गाव किती लांब, बरोबर कोण येणार, मागच्या तारखेला का आला नाहीत. उत्तर डळमळीत वाटले तर तो हाताशी आहे तोवर लेझर पूर्ण करून टाका.