उवा पुन्हा पुन्हा का होतात?

जूनमध्ये शाळा उघडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच वर्गात मुलींचे हात डोक्याकडे जाऊ लागतात. आम्ही फळ्यावर लिहीत असतो आणि मागच्या बाकावर पेन्सिलीच्या टोकाने वेणीच्या मुळाशी खाजवणे सुरू असते. पालक सभेत मात्र या विषयावर कोणी चकार शब्द काढत नाही. सभा संपते, बाकीच्या बायका निघून जातात, तेव्हा एखादी अम्मी दाराशी रेंगाळते आणि हळूच विचारते, "बाजी, पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात. मेडिकलमधून औषध आणलं, दोनदा लावलं. पंधरा दिवस बरं वाटतं, पुन्हा होतात. करावं तरी काय?"

नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत हा प्रश्न सारखाच आहे. म्हणून या महिन्यात त्याच्याविषयीच बोलू. भगिनींनो, विषय किळसवाणा वाटेल, पण मुलीची झोप, तिचा अभ्यास आणि तिची इज्जत या तिन्हींशी त्याचा संबंध आहे.

बहुतेक वेळा उवा परत येतात त्या दोन कारणांनी. एक, लिखांचे गणित आपल्याला ठाऊक नसते. दुसरे, आपण ही गोष्ट लपवतो.

उवा अस्वच्छतेमुळे होत नाहीत

मराठीत ऊ, उर्दूत जूँ. तिच्या अंड्याला मात्र दोन्ही भाषांत एकच शब्द आहे, लीख. म्हणजे ही तक्रार किती जुनी आणि सगळ्यांची आहे ते पाहा. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, फक्त चालते. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाण्यासाठी तिला केसाला केस लागावा लागतो. मुली बाकावर डोक्याला डोके लावून कुजबुजतात, सुट्टीत नानीच्या घरी आठ-दहा भावंडे एका सतरंजीवर झोपतात, लग्नघरी खाला, फुफू आणि त्यांची मुले एका खोलीत दाटीवाटीने पडतात. उवांना एवढे पुरते.

घाणेरडे डोके आणि स्वच्छ डोके यांत ऊ फरक करत नाही. तिला माणसाचे रक्त आणि धरायला केस हवेत. पाण्याने ती मरतही नाही. पाण्यात ती श्वास रोखून कित्येक तास जगू शकते. म्हणून रोज डोके धुणाऱ्या घरातही उवा होतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिलला पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. अशा टंचाईत न्हाणे लांबते, आणि मग उवांचा दोष पाण्याला, नाहीतर घरच्या बाईला दिला जातो. दोघांचाही त्यात दोष नाही. उवा काढण्याची खात्रीची पद्धत तेल आणि फणीची आहे, आणि तिला पाणी फार लागत नाही.

दुसरा गैरसमज ओढणीचा. डोके झाकल्याने उवा होतात, असे आम्हाला कधी कधी शिकलेले लोकही सांगतात. ओढणीत, स्कार्फमध्ये किंवा टोपीत उवा जन्मत नाहीत. डोक्यापासून दूर पडलेली ऊ रक्तावाचून एक-दोन दिवसांत मरते. एकमेकींचे स्कार्फ, कंगवे, रबर वापरू नयेत एवढे पथ्य पुरे. केस घट्ट वेणीत बांधून ओढणीखाली असतील तर उलट केसाला केस लागण्याची संधी कमी होते.

लिखांचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. औषध लावले, उवा मेल्या, मग पंधरा दिवसांनी आल्या कुठून?

मादी ऊ दिवसाला सहा ते आठ लिखा घालते आणि केसाच्या मुळाजवळ त्या अशा चिकटवते की धुतल्याने सुटत नाहीत. कोंडा झटकला की पडतो, लीख बोटाने ओढल्याशिवाय हलत नाही. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात. तीतून निघालेले पिल्लू साधारण नऊ ते बारा दिवसांत मोठे होते आणि स्वतः लिखा घालू लागते. मोठी ऊ डोक्यात महिनाभर जगते.

बहुतेक औषधे चालत्या उवा मारतात, सगळ्या लिखा मारत नाहीत. आज औषध लावले तर वाचलेल्या लिखा पुढच्या दहा दिवसांत फुटणार. ती पिल्ले मोठी होऊन लिखा घालण्याआधीच दुसरा हात फिरला पाहिजे. तो फिरला नाही की दोन-तीन आठवड्यांत चक्र पुन्हा सुरू. "औषध बोगस होते" असे म्हणून आपण दुसरी बाटली आणतो. काही उवांना जुनी औषधे लागू पडेनाशी झाली आहेत हे खरे, पण आम्हाला दिसते ते असे की बाटली आणली जाते, दुसरा दिवस पाळला जात नाही.

आणखी एक गोष्ट. पहिल्यांदाच उवा झाल्या तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात. म्हणजे मुलगी खाजवू लागली तेव्हा शेजारी झोपणाऱ्या बहिणीच्या डोक्यात उवा असू शकतात आणि तिला पत्ताही नसतो.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे असेच झाले. अम्मीने तिला तीनदा औषध लावले. तरी उवा जाईनात. अखेर एका रविवारी घरातल्या सगळ्यांची डोकी पाहिली, तर धाकट्या भावाच्या डोक्यात होत्या आणि दादीच्याही. नात रोज दादीच्या कुशीत झोपत होती. दादीला विचारायची कोणाची हिंमत नव्हती. नंतर सगळ्यांनी एकाच दिवशी फणी केली आणि तो त्रास संपला.

तेल, फणी आणि चार वार

फणी ही जुनीच युक्ती आहे. प्राचीन कनान देशातल्या लाखिश शहराच्या उत्खननात हस्तिदंताची एक फणी सापडली. सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. तिच्यावर कोरलेली अक्षरे २०२२ मध्ये उलगडली. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघून जाव्यात, अशी इच्छा त्यात लिहिली आहे. त्या लिपीतले आजवर सापडलेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानतात. पुढे तिच्याच वंशात अरबी आणि मग आपली उर्दू लिपी आली. भाषा शिकवणाऱ्या आम्हाला याचे फार नवल वाटते.

पद्धत अशी. बारीक दातांची फणी घ्या, गंजगोलाईत किंवा इतवाऱ्यात कुठेही मिळते. दात वाकलेली नको. केसांना मुळापासून टोकापर्यंत भरपूर खोबरेल तेल लावा. तेलाने उवांची चाल मंदावते आणि फणी सरकते. आधी साध्या कंगव्याने गुंता काढा. मग केसांचे चार भाग करून एकेक भाग उजेडात धरा. फणी डोक्याच्या कातडीला टेकवून टोकापर्यंत एका ओढीत आणा आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा. कानांमागे आणि मानेवर जास्त लक्ष द्या, उवांना तिथली ऊब आवडते. लांब केसांना अर्धा तास लागतो. मुलीच्या हातात पुस्तक द्या, वेळ बरा जातो.

हे चारदा करायचे, चार-चार दिवसांनी. पहिला दिवस, पाचवा, नववा आणि तेरावा. इंग्लंडमध्येही घराघरांत ओल्या केसांत फणी फिरवण्याची हीच चार दिवसांची पद्धत सांगितली जाते. मध्ये नवी पिल्ले निघाली तरी ती मोठी होण्याआधीच फणीत सापडतात. सतराव्या दिवशी एकदा पाहा. जिवंत ऊ दिसली नाही तर काम झाले. केसात लांबवर पांढऱ्या लिखा उरल्या तर घाबरू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि लीख फार तर दहा दिवसांत फुटते. म्हणजे मुळापासून एक सेंटिमीटर दूर असलेली लीख रिकामी किंवा मेलेली आहे.

औषध वापरायचे असेल तर एक टक्का परमेथ्रिनचे औषध धुऊन पुसलेल्या केसांना दहा मिनिटे लावून धुतात आणि नवव्या दिवशी पुन्हा लावतात. दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नये. याच नावाचे पाच टक्क्यांचे मलम खरजेसाठी असते, मेडिकलवाल्याकडून बाटली घेताना टक्केवारी वाचा. डोक्यावर फोड पिकले असतील, मानेमागे गाठी आल्या असतील, ताप असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे.

त्या दिवशी वापरलेल्या उश्यांचे अभ्रे, चादरी, ओढण्या गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. धुता येत नाही ते दोन दिवस बाजूला ठेवा. फणी गरम पाण्यात बुडवून ठेवा. घरभर औषध फवारण्याची काही गरज नाही.

हे कधीही करू नका

रॉकेल लावू नका. कातडी भाजते, आणि चुलीजवळ बसलेल्या पोरीचे केस पेटायला एक ठिणगी पुरते. कापूस-सोयाबीनवर फवारायचे औषध घरात असते म्हणून ते डोक्याला लावणे जिवावर बेतू शकते. ते कातडीतून अंगात जाते. मुंग्या-झुरळांचा खडू केसांत ओढणे हाही त्यातलाच प्रकार. तेलात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर विरघळवून लावतात. दोन्ही लहान मुलांना विषारी आहेत, कापराने मुलांना झटके येतात.

आणि सीताफळाच्या बिया. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ मुबलक, त्यामुळे बिया वाटून डोक्याला लावण्याचा उपाय आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत चालत आला आहे. उवा त्याने मरतात, पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. प्रचंड आग होते, दिसेनासे होते, आणि असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे वारंवार येतात. उवांसाठी मुलीचे डोळे पणाला लावू नका.

लपवल्याने काय होते

डोक्यातली ऊ कोणताही रोग पसरवत नाही. पण तिच्यामुळे मुलीचे जे हाल होतात ते आम्ही पाहतो. रात्रभर खाज, सकाळी वर्गात डुलकी. बाकावर कोणी शेजारी बसत नाही. सगळ्यांसमोर एखादे मोठे माणूस बोलून जाते, "हिच्यापासून लांब राहा." घरी राग आला की केस कापून टाकतात, आणि मग ती मुलगी आठ-आठ दिवस शाळेत येत नाही. काही मुलींचे ते आठ दिवस लांबत जातात. सहावी-सातवीच्या वयात मुलगी एकदा घरी बसली की तिला परत आणणे किती कठीण, हे आमच्यासारख्या शिक्षकांना विचारा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितले आहे की उवा किंवा लिखा आहेत म्हणून कोणत्याही मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. इंग्लंडची सरकारी आरोग्य सेवाही हेच सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते त्या दिवशी काही अम्मी मुद्दाम मुलीला घरी ठेवतात, उवा दिसतील म्हणून. त्या पथकाकडे हृदय, डोळे, कान, रक्तक्षय यांची तपासणी होते. ती चुकवू नका.

हुदैबियाच्या वर्षी, हिजरी ६ मध्ये, हजरत काब बिन उज्रा (रजि.) इहराममध्ये होते आणि त्यांच्या डोक्यातून उवा तोंडावर गळत होत्या. प्रेषित (स.) यांनी ते पाहिले, त्रास होतो का म्हणून विचारले आणि डोके मुंडवण्याची मुभा दिली. बदल्यात तीन रोजे, किंवा सहा गरिबांना जेवण, किंवा एक कुर्बानी. सूरह बकराच्या १९६ व्या आयतीचा संदर्भ हाच. एका सहाबींच्या डोक्यात उवा होत्या, ही गोष्ट हदीसच्या ग्रंथांत उघडपणे नोंदली गेली. त्यांना कोणी हिणवले नाही. त्रास विचारला आणि उपाय सांगितला. आपल्या नऊ वर्षांच्या पोरीला आपण त्याहून कठोर वागणूक का द्यावी?

आमची विनंती शिक्षकांना, मकतबच्या उस्तादांना आणि लातूर पॅटर्नसाठी मुली ठेवणाऱ्या वसतिगृहांच्या बाईंनाही आहे. वर्गात कोणाचे नाव घेऊ नका. एका मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या तर चिठ्ठी सगळ्यांच्या घरी पाठवा, "या रविवारी सर्व मुलांची फणी करावी, नंतर चार-चार दिवसांनी तीनदा." सगळ्या घरांनी एकच दिवस धरला तर एका घरातून दुसऱ्या घरात उवांची ये-जा थांबते. एकट्या घराने कितीही मेहनत केली तरी शेजारच्या बाकावरून त्या पुन्हा येणारच.

म्हणून भगिनींनो, डोक्यात उवा दिसल्या तर पहिला निरोप शेजारणीला द्या, जाऊबाईला द्या, मुलीच्या मैत्रिणीच्या अम्मीला द्या. सांगताना थोडे अवघड वाटेल. बहुधा ती म्हणेल, "अगं, आमच्याकडेही आहेत, मीच सांगायला कचरत होते." मग दोघींनी मिळून रविवार ठरवा, आणि दादीचे डोके पाहायला विसरू नका.