विचारायचे राहून गेलेले प्रश्न

आपल्याकडे नेता तीन प्रसंगी भेटतो. अधिवेशनात तो व्यासपीठावर असतो. निवृत्तीच्या वेळी गौरवांकात त्याच्यावर लेख येतात. गेल्यावर शोकसभेत त्याचे गुण सांगितले जातात. या तिन्ही प्रसंगी हार असतात, घोषणा असतात. प्रश्न विचारण्याची सोय मात्र कोठेच नसते. ज्याच्या एका शब्दावर आपण नोकरी पणाला लावली, त्याच्याजवळ निवांत बसून "साहेब, त्या रात्री नेमके काय घडले?" असे विचारायचे राहूनच जाते.

जॉर्ज फर्नांडिस यांचेच उदाहरण घ्या. ८ मे १९७४ रोजी देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला. त्याआधी सहा दिवस, २ मे रोजी, ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष असलेल्या जॉर्जना लखनौत अटक झाली होती. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारो बडतर्फ झाले, क्वार्टर्समधून बायकामुलांना सामानासकट बाहेर काढण्यात आले. २७ मे रोजी संप बिनशर्त मागे घेण्याचा निर्णय झाला. समन्वय समितीच्या घटक संघटनांमध्ये त्यावर मतभेद होते. बाहेरचा कामगार आणि तुरुंगातला नेता यांच्यात त्या दिवसांत निरोप कसे जात होते? माघारीची वेळ योग्य होती का? भुसावळच्या शेडमध्ये किंवा इटारसीच्या यार्डात ज्याने ते वीस दिवस काढले, त्याला हे विचारण्याचा हक्क होता. जॉर्ज यांच्या मुलाखती पुष्कळ झाल्या. पण आणीबाणी, बडोदा डायनामाइट खटला आणि मंत्रिपदे यांनीच त्यातली बरीच जागा व्यापली. पुढे स्मृतिभ्रंशाच्या आजाराने त्यांची आठवणच हिरावली आणि २९ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. ज्याला सर्वाधिक माहीत होते, तोच मरणाआधी विसरून गेला. याहून मोठा इशारा तो कोणता?

ही खंत एकट्या जॉर्ज यांच्यापुरती नाही. जयप्रकाश नारायण आज सर्वांना १९७४-७५ च्या आंदोलनासाठी आठवतात. पण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत ते रेल्वे कामगारांच्या फेडरेशनचे अध्यक्ष होते, पोस्टमन बांधवांच्या संघटनेचेही नेतृत्व त्यांनी केले. १९४९ मध्ये फेडरेशनने संपाची नोटीस मागे घेतली आणि चळवळीत कडू वाद झाला. प्रा. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्यांना परत कामावर घेण्याचे काम त्यांच्या काळात झाले. बोनसची मागणी १९७४ च्या मागण्यांत अग्रभागी होती; उत्पादकतेशी निगडित बोनस रेल्वेला मिळू लागला तो १९७९-८० पासून. चळवळीतून आलेला माणूस मंत्र्याच्या खुर्चीत बसला म्हणजे त्याचे हात कोठे बांधले जातात, हे दंडवत्यांइतके प्रांजळपणे कोणी सांगितले असते? त्यांनी आत्मचरित्र लिहिले, तेही मोलाचे आहे. पण आत्मचरित्रात काय सांगायचे ते नेता ठरवतो. दीर्घ संवादात ते समोरचा ठरवतो. फरक आहे तो इथे.

असे काम होऊ शकते याचे दाखले आहेत. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयाने १९६० च्या दशकापासून स्वातंत्र्यलढ्यातील आणि राजकारणातील अनेकांच्या प्रदीर्घ मुलाखती टिपून ठेवल्या. मुंबईच्या गिरणगावात मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगार, त्यांच्या घरच्या बायका, शाहीर आणि पुढारी अशा शंभरावर माणसांना बोलते केले. त्याचे पुस्तक २००४ मध्ये आले. पुढाऱ्याच्या आठवणीशेजारी कामगाराची आठवण ठेवली की दोन्ही तपासून घेता येतात, हा त्या पुस्तकाचा मोठा धडा आहे.

आपले काही साथी म्हणतील, जुनी भांडणे उकरून प्रशासनाच्या हाती कोलीत कशाला द्यायचे? आम्हाला हे पटत नाही. प्रशासनाच्या फायली प्रशासनाने जपल्या आहेत. चार्जशीट, निलंबनाचे हुकूम, पोलिसांचे अहवाल सगळे दप्तरी आहे. आपली बाजू मात्र माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसे एकेक करून जात आहेत. १९७४ साली पंचविशीत असलेला गँगमन आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. १९ सप्टेंबर १९६८ च्या एक दिवसाच्या संपात उतरलेला तरुण सॉर्टर ऐंशीच्या घरात आहे. जुलै १९४६ च्या टपाल संपातले तर आता जवळजवळ कोणी उरले नाही. शिवाय ज्या संघटनेला आपल्या चुकीचा हिशेब मांडता येत नाही, तिला पुढचा लढाही नीट मांडता येणार नाही.

म्हणून प्रत्येक शाखेला आमचे आवाहन आहे. आपल्या भागातील जुने पदाधिकारी, चळवळीतून आमदार-खासदार झालेले नेते यांची यादी करा. वयाने सर्वांत मोठे असतील त्यांच्यापासून सुरुवात करा. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा मोबाईल आहे. जाण्यापूर्वी जुनी परिपत्रके वाचा. एका बैठकीत उरकू नका, तीन-चार वेळा जा. बालपण, पहिली नोकरी, पहिला पगार येथून सुरुवात करा. मग अवघड प्रश्न विचारा, आदराने पण न कचरता. उत्तर टाळले तर पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. एखादा भाग अमुक वर्षे उघड करू नये असे ते म्हणाले, तर तो शब्द पाळा. पण मुद्रणात काटछाट करू नका. घरातल्या माउलीलाही विचारा. संपाच्या दिवसांत चूल कशी पेटली हे तिलाच ठाऊक असते. मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा.

हार दुसऱ्या दिवशी सुकतो. विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर पुढच्या पिढीच्या कामी येते. पुढच्या अधिवेशनात नेत्यांच्या गळ्यात हार जरूर घाला. पण त्याआधी त्यांच्याकडून चार दुपारी मागून घ्या.