बोअरचा हिशेब फुटावर नको

सभासद बंधूंनो, लागणीचे दिवस आले की लातूर-नांदेडकडच्या शिवारांत बोअरच्या गाड्या फिरू लागतात आणि एजंट फुटाचा भाव सांगतो. त्या भावावर हिशेब धरणे आम्हाला मान्य नाही. खोली वाढत गेली की दर 100 फुटांना भाव चढतो, हे तो शेवटी सांगतो. केसिंग वेगळे, मोटार, केबल, पाइप, स्टार्टर वेगळे. आणि नुसता फुफाटा उडाला तरी गाडीवाल्याचे पैसे द्यावेच लागतात. समजा, तीन बोअरपैकी एकालाच पाणी लागले, तर त्या एकाची किंमत तिन्हींच्या खोदाईइतकी झाली की नाही? सोसायटीच्या हप्त्यातून कोरडे बोअर वजा होत नाही.

आपल्याकडे बहुतेक काळा पाषाण. पाणी असते ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. खोल गेले म्हणजे पाणी वाढतेच असे नाही, खर्च मात्र नक्की वाढतो. 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा, खोल विहिरींवर बंधने घातली, तरी गाड्या काही थांबल्या नाहीत. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

नारळ हातावर उभा राहिला म्हणून बोअर घेऊ नये. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागा पाहून घ्या. शेजारचे बोअर मे महिन्यात किती वेळ चालते, तेही विचारा. ऊस वाढविणे हे आमचेच काम, तरी सांगतो: तेवढ्या पाण्यावर दोन एकर भिजत असेल तर दोनच एकरांची नोंद द्या, तीही ठिबकवर.