उंच बाईचा कोट: सल्ला फुकटचा, कोट नव्हे



मागील अंकात एका वाचकांनी लिहिले आहे की, उंच बायकांनी संध्याकाळच्या समारंभासाठी पुरुषांच्या विभागातला कोट उचलावा, उगाच बाऊ करू नये. त्यांनी तो कधी बाईच्या अंगावर पाहिलेला दिसत नाही.

पुरुषी कोटाची बाही पुरते, हे मान्य. पण खांद्याला बसेल असा घेतला, तर तो नितंबांवर ताणतो आणि मागची चीर आ वासते. नितंबांना बसेल असा घेतला, तर खांदे दोन बोटे बाहेर लोंबतात. बायकांच्या विभागात वेगळीच रड: कंबर बरगड्यांवर येते. फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सां लोराँ यांनी १९६६ साली बायकांसाठी ‘ल स्मोकिंग’ हा पुरुषी टक्सिडोचा अवतार आणला, तोही स्त्रीच्या अंगाला बेतून.

तयार कोट घ्यायचाच, तर आधी खांदा पाहावा. कंबर आत घेता येते. खांदा उसवणे महागात पडते. बाहीच्या आत माया किती सोडली आहे, ते चाचपावे. मनगटाशी खरी काजे कापलेली असतील, तर बाही वाढवण्याचे विसरा. त्यापेक्षा पुरुषांचे कोट शिवणाऱ्या शिंप्याकडून बंदगळा शिवून घ्यावा, कच्च्या टाक्यांवर ट्रायल मागावी, आणि ‘मॅडम, कंबर जरा फिट करू?’ याला ठाम नकार द्यावा.

परदेशात पुरुषांचा कोट छातीच्या एकाच मापात आखूड, मध्यम आणि लांब असा मिळतो. आपल्या उत्पादकांनी बायकांच्या कोटालाही ही सोय द्यावी, एवढीच मागणी आहे.

– एक उंच वाचक, पुणे