आरशाच्या कडेचा टवका

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे आकाशाशी जडलेले नाते लोणारच्या विवराने साऱ्या जगाला परिचित करून दिले आहे. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. अशा भूमीत वाढलेल्या एखाद्या मुलाने वा मुलीने घरीच दुर्बीण घडविण्याचा ध्यास घेतला, तर त्यात नवल नाही. पुण्याच्या आयुका या संस्थेने हौशी मंडळींकडून आरसे घासून घेण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. म्हणजे ही विद्या सामान्यांच्या आवाक्यातील आहे.

कृती सांगावयास सोपी आहे. जाड काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवून मध्ये पाणी व कार्बोरंडमची पावडर घालावयाची आणि वरची चकती पुढेमागे फिरवीत राहावयाचे. हळूहळू वरची चकती खोलगट होते, खालची फुगीर. १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाची मध्यभागी खोली अवघी १.१७ मिलिमीटर असते. प्रारंभी ८० नंबरची भरड पावडर, नंतर क्रमाने बारीक, आणि शेवटी पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडने चकाकी, असा हा अनेक आठवड्यांचा प्रवास आहे.

या प्रवासात नळाच्या तोटीचा किंवा दुसऱ्या चकतीचा जरासा धक्का लागतो आणि काचेच्या कडेचा टवका उडतो. मुलाचा चेहरा उतरतो, घरातील मंडळी म्हणतात, ‘आता हा आरसा वाया गेला!’ मात्र तो बुडीत खात्यात टाकण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. या आरशाचे क्षेत्रफळ सुमारे १७,६७० चौरस मिलिमीटर. टवका ५ मिलिमीटर लांब व २ मिलिमीटर आत गेलेला असेल, तर हानी फार तर १० चौरस मिलिमीटर; म्हणजे दहा हजार रुपयांत सहा रुपयेही नाहीत. उलट प्रकाश बाजूला वळविणारा ३५ मिलिमीटर रुंदीचा दुय्यम आरसा त्याच दहा हजारांतील सुमारे ५४० रुपये अडवितो आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही.

खरी भीती निराळीच आहे. टवक्याच्या खाचेत भरड पावडरीचे कण व काचेचे चुरे दडून बसतात. पुढे बारीक घासणी चालू असता त्यातील एखादा कण निसटला, की आरशावर लांब ओरखडा उमटतो आणि मागच्या पावडरीकडे परतावे लागते.

म्हणून टवका उडताच हात थांबवावा. दोन्ही चकत्या, टेबल व हात स्वच्छ धुवावेत. काच उजेडात धरून टवक्यापासून आत चीर गेली आहे काय, हे पाहावे. चीर आत शिरली असेल, तर ती वाढण्याचा धोका असतो. ती काच सोडून देणेच शहाणपणाचे. चीर नसेल, तर कार्बोरंडमच्या बारीक दगडाने, भरपूर पाणी घालून, टवक्याच्या तीक्ष्ण कडा बोथट कराव्यात आणि खाच ब्रशने धुवावी. कोरडे घासू नये. काचेची धूळ फुप्फुसांना घातक असते. टवका पूर्ण नाहीसा करण्यासाठी अधिक घासण्याचा हट्ट नको. त्यामुळे वक्रता मात्र बिघडते.

प्रतिबंध याहून स्वस्त आहे. काम आरंभण्यापूर्वीच दोन्ही चकत्यांच्या कडेची धार मोडून सभोवार २ ते ३ मिलिमीटरचा तिरपा उतार द्यावा. दगड पृष्ठभागाकडून बाहेर व खाली असा एकाच दिशेने फिरवावा. घासता घासता हा उतार झिजतो आणि कड पुन्हा धारदार होते. म्हणून प्रत्येक पावडर बदलण्यापूर्वी तो तपासावा व कमी झाला असल्यास पुन्हा द्यावा. चकाकीच्या टप्प्यापर्यंत निदान १ मिलिमीटर तरी उतार राहिला पाहिजे.

शेवटी आरशाचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या सुमारे चौदा हजाराव्या भागाइतका अचूक साधावयाचा असतो. प्रतिमेचा कस तेथे लागतो. ॲल्युमिनियमचा मुलामा चढल्यावर खाचेत बिनचमकीचा काळा रंग भरला, म्हणजे तेथून भलताच प्रकाश विखुरणार नाही. मग हिवाळ्यातील निरभ्र रात्री मृगनक्षत्रातील तेजोमेघ पाहताना त्या टवक्याची आठवणही कोणास होणार नाही. तेव्हा घरात असा आरसा घडत असेल, तर पालकांनी टवक्यावर रागावू नये. दगड व पाणी हाती द्यावे.