‘राहू द्या’ची किंमत

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागासाठी सॉफ्टवेअर करायचं होतं. केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई मीटिंगला आल्या होत्या. भिंतीवर आमची आकृती दिसत होती: नोंदणी, पैसे, तपासणी, औषधं. मधल्या बाणाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “फार म्हातारं माणूस आलं की आम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवतो. पैसे मागाहून घेतो.”

आमचा अ‍ॅनालिस्ट लगेच बदल करायला लागला. पण एक चौकट मध्ये घालायची तर पुढच्या सगळ्या चौकटी हातानं सरकवायच्या, बाण तोडून पुन्हा जोडायचे. एक बाण दुसऱ्यावर चढला, एक अधांतरीच राहिला. बाई पाच-सात मिनिटं बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, “राहू द्या हो सर, चालेल आहे तसंच.”

ते चाललं नाही. सॉफ्टवेअर सुरू झालं तेव्हा पैसे भरल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडेना आणि म्हातारी माणसं खिडकीशी ताटकळत उभी राहिली. बाईंनी गरज सांगितली होती. टूलशी चाललेली आमची झटापट बघून संकोचानं ती मागे घेतली.

अशा आकृत्या काढायची, म्हणजे रिक्वायरमेंट मॉडेलिंगची टूल्स आजही बहुतेक ठिकाणी फीचरच्या यादीवर निवडली जातात. किती प्रकारच्या आकृत्या काढता येतात, यूएमएल आहे का, रिपोर्ट वर्डमध्ये निघतो का. विक्रेत्याचा डेमो कोऱ्या पानावर सुरू होतो आणि दहा मिनिटांत देखणी आकृती उभी राहते. आपलं काम मात्र भरलेल्या पानावर चालतं. माणसाला आपली गरज एका बैठकीत कधीच पूर्ण सांगता येत नाही, म्हणून या कामात बदल हाच रोजचा व्यवहार.

थॉमस ग्रीन आणि मरियन पेट्रे यांनी १९९६ मध्ये चित्रमय प्रोग्रॅमिंगची साधनं तपासली. एका छोट्या प्रोग्रॅममधला एकच बदल बेसिकमध्ये सुमारे एका मिनिटात झाला, लॅबव्ह्यू या चित्रमय साधनात त्याला आठ मिनिटांहून जास्त लागली, कारण चौकटी सरकवून तारा नव्यानं जोडाव्या लागल्या. बदलाला होणाऱ्या या विरोधाला ग्रीन यांनी द्रवाच्या दाटपणाचं नाव दिलं होतं. त्या मीटिंगमध्ये आम्ही अडकलो होतो ते याच दाटपणात.

वापरसुलभतेच्या आयएसओ ९२४१-११ या मानकात तीन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत: काम नेमकं होतं का, किती श्रमात होतं आणि करणारा समाधानी आहे का. पण कोणासाठी, कोणत्या कामासाठी आणि कुठल्या परिस्थितीत, हे आधी ठरवावं लागतं. इथेच आपण चुकतो. अ‍ॅनालिस्टला वापरकर्ता धरतो आणि आकृती वाचून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणाऱ्या त्या बाईंना विसरतो.

वापरसुलभता मोजणारी जॉन ब्रूक यांची दहा विधानांची एसयूएस प्रश्नावली जरूर भरून घ्या. तिचे शंभरपैकी गुण म्हणजे टक्के नव्हेत. सरासरी ६८ च्या आसपास असते, एवढं ध्यानात ठेवा. मात्र टूल वापरायला सोपं वाटलं की नाही एवढंच त्यातून कळतं. घोडं कुठे अडलं, ते शेजारी बसून बघावं लागतं.

म्हणून लायसन्स घेण्याआधी एक दुपार काढा. स्वतःच्याच जुन्या प्रोजेक्टची भरलेली आकृती घ्या. आपल्यातल्या पाच जणांना एकेक करून बसवा, शेजारी प्रत्यक्ष काम करणारा क्लायंटचा माणूस असू द्या. तीन कामं सांगा. मध्ये एक टप्पा घाला. एक नाव बदला आणि ते सगळीकडे बदललं का बघा. या बदलाचा परिणाम आणखी कुठे होतो, ते शोधून दाखवा. घड्याळ लावा, मदत करू नका. शेवटी क्लायंटच्या माणसाला बदललेली आकृती मोठ्यानं वाचायला सांगा.

आणि मध्येच तो माणूस ‘राहू द्या’ म्हणाला, तर घड्याळ तिथेच थांबवा. ते टूल घेऊ नका.