तोफ कुणाशी बोलते?

अमेरिकेत पाण्याकाठी राहणारे काही हौशी लोक अंगणात हातभर लांबीची इशाऱ्याची तोफ बाळगतात. तोंडाकडून दारू ठासायची, गोळा घालायचा नाही आणि सूर्यास्ताला ध्वज उतरवताना एक बार काढायचा. तिथल्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने अशा जुन्या धाटणीच्या तोफांना मोकळीक दिली आहे. छंदासाठी ५० पौंडांपर्यंत काळी दारू बाळगण्यालाही संघराज्याच्या कायद्यात सवलत आहे, मग राज्याचे आणि गावाचे नियम काय असतील ते असोत. ज्या देशात बंदुकीने इतकी माणसं मरतात तिथे हा आणखी एक धडाका कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ही तोफ मुळात हत्यार नाही. ती निरोप देण्याचं साधन आहे, आणि तिचं सुखही त्या निरोपातच आहे.

उपग्रह आणि मोबाइल असताना हा निरोप हवा कुणाला? खरं तर तोफ घड्याळ म्हणून कधीच अचूक नव्हती. एडिंबरात १८५२ पासून जहाजांना वेळ कळावी म्हणून टेकडीवरचा एक गोळा रोज एक वाजता खाली सोडत. धुक्यात तो दिसेना, म्हणून १८६१ पासून किल्ल्यावरून तोफ सुरू झाली. आवाजाला एक किलोमीटर जायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. त्यामुळे कुठे ऐकताना किती सेकंद वजा करायचे, हे वर्तुळांनी दाखवणारा नकाशाच तेव्हा काढला गेला. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत तर आजही वेळ निशाणावरूनच धरतात. बार झालाच नाही तरी नियमाने काही बिघडत नाही. तरीही तोफ लागते, कारण निशाण शोधावं लागतं आणि आवाज स्वतःच माणसाला शोधत येतो. हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १६६० साली बाजीप्रभू विशाळगडाच्या तोफांची वाट पाहत खिंड लढवत राहिले, असं परंपरा सांगते. त्या खिंडीत, त्या पावसात, गडावरचं कुठलं निशाण दिसलं असतं?

एका क्षणाच्या आवाजासाठी एवढा खटाटोप, हा आक्षेप मला पटत नाही. खटाटोप हाच तर छंद आहे. पाऊणपट सोरा, उरलेल्यात कोळसा आणि गंधक. ही दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपात मागे उरतं. त्याचाच तो दाट पांढरा धूर आणि नळीत बसणारी काजळी. ती हवेतला ओलावा ओढून धातू खाते, म्हणून त्याच दिवशी नळी पाण्याने धुवायची. दोन बारांच्या मध्ये ओला बोळा फिरवून निखारा विझवायचा, कारण आत ठिणगी राहिली तर पुढची दारू हातातच पेटते. आधुनिक बिनधुराची दारू तर घालायचीच नाही, नळी फुटते. गोळा नसला तरी तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही. ठासलेला बोळाही इजा करतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेजाऱ्यांचा आहे. जवळून ऐकलेला असा एकच बार कान कायमचा बिघडवू शकतो. घरातली कुत्री बिथरतात, आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकाला त्या आवाजात काय ऐकू येईल, हे तोफवाल्याने ठरवायचं नसतं. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, कारण तो माझ्याच मुद्द्यातून निघतो. तोफ निरोप देत असेल, तर ऐकणाऱ्याला तो आधी ठाऊक हवा: ठरलेली वेळ, एकच बार, आणि नको म्हणणाऱ्यासाठी थांबण्याची तयारी. मध्यरात्री लहर आली म्हणून उडवलेल्या तोफेची बाजू मी घेणार नाही. केप टाउनच्या सिग्नल हिलवर रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर रोज दुपारी बाराला काळ्या दारूची तोफ उडते. तिथे दोन तोफा भरून ठेवतात. पहिली चुकली, तर खाली कान देऊन असलेल्या शहरासाठी दुसरी तयार असते.